लेवीय वाचताना रक्ताचा माग काढा

बायबल पहिल्या पानापासून वाचायला घेतलेले बरेच जण लेवीय या तिसऱ्या पुस्तकात अडकतात. उत्पत्तीत गोष्टी आहेत, निर्गमात मिसर देशातून सुटका आहे, आणि मग एकदम गोऱ्हा, मेंढा, आतड्यांवरची चरबी, गुरदे, वेदीवर रक्त. वाचणारा एक तर पानं उलटतो, नाहीतर "माणसाच्या पापाबद्दल जनावर मारायचं" एवढा अर्थ लावून पुढे सरकतो. तो अर्थ अगदीच खोटा नाही, पण त्याने निम्मे नियम सुटत नाहीत. मूल जन्माला घालणं पाप नाही, मग बाळंतिणीने पापबली का आणायचा? भिंतीला चट्टे पडलेल्या घरासाठी पक्षी का कापायचा? आणि फार गरीब असेल त्याने नुसतं पीठ आणलं तरी कसं चालतं?

यावर उपाय साधा आहे. प्रत्येक विधीत रक्त कुठे जातं ते बघा. बोटाने लावलं की भांड्यातून उडवलं, कशाला लावलं, आणि कोणाला अजिबात लावलं नाही.

आधी जागा

सीनायच्या रानातला दर्शनमंडप म्हणजे मिसर सोडलेल्या इस्राएल लोकांच्या छावणीतला देवाच्या निवासाचा तंबू. त्याचे एकात एक असे तीन भाग. बाहेर १०० हात लांब, ५० हात रुंद अंगण (हात म्हणजे कोपरापासून बोटाच्या टोकापर्यंत, साधारण ४५ सेंटिमीटर). अंगणात पितळेने मढवलेली होमवेदी: ५ हात लांब, ५ रुंद, ३ हात उंच, चारही कोपऱ्यांवर शिंगं. ही वेदी आणि मंडप यांच्यामध्ये याजकांना हातपाय धुवायला गंगाळ. मंडपात शिरलं की पवित्रस्थान: दीपवृक्ष, भाकरींचं मेज आणि अंतरपटासमोर सोन्याने मढवलेली लहानशी धूपवेदी, तिलाही शिंगं. अंतरपटापलीकडे परमपवित्रस्थान. तिथे कोश, म्हणजे कराराच्या पाट्या ठेवलेली पेटी, आणि कोशावरचं सोन्याचं झाकण, ज्याला मराठी बायबलमध्ये दयासन म्हटलंय. सामान्य माणसाची धाव अंगणापर्यंत, याजकाची पवित्रस्थानापर्यंत. अंतरपटाच्या आत फक्त मुख्य याजक, तोही वर्षातून एका दिवशी. पुढे यरुशलेमेत मंदिर झालं तेव्हा मापं वाढली, मांडणी हीच राहिली.

हा नकाशा पाठ झाला की लेवीयचे पहिले सात अध्याय बरेच सोपे जातात, कारण रक्त किती आत न्यायचं यावरच तिथे सगळा हिशेब आहे.

मारणं कोणाचं काम, रक्त कोणाचं

पहिल्या अध्यायात होमबलीचा क्रम असा: माणूस निर्दोष नर घेऊन मंडपाच्या दाराशी येतो, त्याच्या डोक्यावर हात ठेवतो आणि जनावर स्वतः कापतो. याजकाचं काम त्यानंतर सुरू होतं. तो रक्त भांड्यात धरतो, नेतो आणि वेदीच्या सभोवार उडवतो. मग कातडं सोलणं, तुकडे करणं, आतडी आणि पाय पाण्याने धुणं, आणि सगळं वेदीवर जाळणं. कातडं याजकाला मिळतं. इ.स. २००च्या सुमारास संकलित झालेल्या मिश्ना या ज्यू नियमसंग्रहातही हीच विभागणी आहे: कापणं याजक नसलेल्याने केलं तरी चालतं, पण रक्त झेलण्यापासून पुढचं सगळं याजकानेच करायचं.

जनावराचा मृत्यू हाच विधीचा गाभा असता तर सुरी याजकाच्या हाती असती. नियमांचा सगळा काटेकोरपणा मात्र रक्ताच्या भोवती आहे. जनावराच्या वेदनेला तर इथे कसलीच किंमत नाही. ते तडफडलं म्हणजे माणसाची शिक्षा फिटली असं लेवीयमध्ये एकाही ठिकाणी म्हटलेलं नाही.

मग रक्तच का? लेवीय १७:११ मध्ये कारण दिलंय: शरीराचा जीव रक्तात असतो, आणि ते रक्त वेदीवर प्रायश्चित्त करण्यासाठी देवाने दिलंय. जीव देवाचा, म्हणून रक्त खायचं नाही. रानात शिकार केली तर रक्त जमिनीवर ओतून मातीने झाकायचं. वेदी ही त्याच्या वापराची एकमेव जागा, बाकी सगळं मातीत. हा अर्धा नियम मंदिर गेल्यावरही टिकला. कोशर, म्हणजे ज्यू नियमांनुसार खाण्याजोगं, मांस आजही अर्धा तास पाण्यात भिजवतात, सगळ्या बाजूंनी जाडं मीठ लावून तासभर निथळत ठेवतात आणि मग स्वच्छ धुतात. कलेजीत (यकृतात) रक्त फार, ते मिठाने निघत नाही, म्हणून ते थेट आचेवर भाजावं लागतं. कोकणातल्या आणि मुंबईतल्या बेने इस्राएल, म्हणजे मराठी ज्यू, घरांना हे सांगायची गरज नाही.

एकाच चुकीसाठी चार वेगळे मार्ग

आता लेवीय ४. इथे पापबलीचे नियम आहेत, आणि पुस्तकाची किल्ली माझ्या मते याच अध्यायात आहे. चूक एकच: नकळत एखादी आज्ञा मोडली गेली. पण ती कोणाकडून झाली यावर रक्ताचा प्रवास बदलतो.

अभिषिक्त याजक चुकला, किंवा सगळी मंडळीच चुकली, तर गोऱ्हा आणायचा. त्याचं रक्त मंडपाच्या आत न्यायचं. याजक त्यात बोट बुडवून अंतरपटासमोर सात वेळा शिंपडतो, मग धूपवेदीच्या शिंगांना लावतो. उरलेलं बाहेर येऊन होमवेदीच्या पायथ्याशी ओततो. चरबी वेदीवर जाळायची. कातडं, मांस, डोकं, पाय, आतडी, शेण हे सगळं छावणीबाहेर राख टाकायच्या जागी नेऊन जाळायचं.

एखादा सरदार चुकला तर बकरा. सामान्य माणूस चुकला तर बकरी किंवा मेंढी. या दोघांच्या वेळी रक्त आत जात नाही. अंगणातल्या होमवेदीच्या शिंगांना बोटाने लावायचं आणि उरलेलं पायथ्याशी. मांस याजकांनी पवित्र आवारातच खायचं.

यातल्या एकाही विधीत रक्त चुकलेल्या माणसाला लागत नाही. त्याच्या कपाळाला नाही, हाताला नाही, कपड्यांनाही नाही. ते वेदीला लागतं, अंतरपटासमोर पडतं. म्हणजे जे पुसलं जातंय ते वेदीवर आणि मंडपात आहे. लेवीयच्या अभ्यासात हा मुद्दा ठामपणे मांडणारे जेकब मिलग्रम (१९२३–२०१०) म्हणत की लोकांची पापं आणि अशुद्धता हवेतून आल्यासारखी देवाच्या निवासावर साचते. माणूस जितका मोठ्या जागी, तितका त्याचा डाग आत पोचतो. सामान्य माणसाचा अंगणातल्या वेदीपर्यंत, याजकाचा आणि सगळ्या समाजाचा धूपवेदीपर्यंत. रक्त डागाच्या मागोमाग तिथवर जातं. डाग साचतच राहिले तर देव तिथे राहणार नाही, ही भीती सगळ्या व्यवस्थेच्या मुळाशी आहे. १५:३१ मध्ये ती उघड शब्दांत येते: इस्राएलांनी आपल्या अशुद्धतेने माझा निवासमंडप विटाळू नये, नाहीतर ते मरतील.

मिलग्रम यांचं सगळं म्हणणं सगळ्यांना पटलेलं नाही. रक्ताने माणूसही शुद्ध होतो असं मानणारे अभ्यासक आहेत, आणि त्यांच्या बाजूची उदाहरणं पुढे येतील. पण रक्ताचा ठावठिकाणा बघायची सवय मिलग्रम यांच्यामुळे लागली, आणि ती उपयोगी आहे.

डाग उचलणारी वस्तू स्वतः डागाळते हेही नियमांत दिसतं. पापबलीचं रक्त कपड्यावर उडालं तर तो कपडा पवित्र आवारातच धुवायचा, घरी न्यायचा नाही. त्याचं मांस मातीच्या भांड्यात शिजवलं तर भांडं फोडून टाकायचं, पितळेचं असेल तर घासून पाण्याने खळबळून घ्यायचं (६:२७-२८). मातीचं भांडं शोषून घेतं, धातूचं घेत नाही, हा व्यवहार कुठल्याही स्वयंपाकघराला ठाऊक आहे. आणि मांस खायचं की जाळायचं हेही रक्तावरच ठरतं: रक्त आत गेलं असेल तर जाळायचं, नसेल तर याजकांनी खायचं. पहिला मुख्य याजक अहरोन याच्या मुलांनी एकदा खायचा बकरा जाळून टाकला तेव्हा इस्राएलांचा पुढारी मोशे त्यांच्यावर भडकला आणि त्याने हाच हिशेब मांडला: रक्त आत नेलं नव्हतं, मग तुम्ही तो खायला हवा होता (१०:१६-१८).

ऐपतीचा विचार पाचव्या अध्यायात आहे. कोकरू परवडत नसेल तर दोन होले किंवा पारव्याची दोन पिलं. तेही जमत नसेल तर एफाचा दहावा भाग, म्हणजे साधारण दोन लिटर मावेल इतकं सपीठ, त्यावर तेल नाही, धूप नाही. याजक मूठभर वेदीवर जाळतो आणि क्षमा होते. रक्ताचा थेंब नाही. "रक्त सांडल्याशिवाय क्षमा नाही" हे नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रातलं (९:२२) वाक्य मोडून उद्धृत करणाऱ्यांनी त्याच ओळीचा पहिला भागही वाचावा. तिथे लेखकाने "जवळजवळ सर्व काही" असं मोजून म्हटलंय.

व्यवस्थेची मर्यादाही नियमांतच सांगितलेली आहे. मुद्दाम, हात उगारून केलेल्या पापाला पापबली नाही (गणना या चौथ्या पुस्तकात, १५:३०). खुनाला तर नाहीच: खुन्याच्या जिवाबद्दल खंडणीसुद्धा घ्यायची नाही (गणना ३५:३१). दुसऱ्याचं लुबाडलं असेल तर आधी मूळ रक्कम आणि वर तिचा पाचवा हिस्सा त्या माणसाला परत करायचा, मग दोषार्पणाचा मेंढा (६:१-७). देवाकडे जायचा रस्ता आधी शेजाऱ्याच्या घरावरून जातो.

अशुद्ध म्हणजे पापी का?

जन्म, मृत्यू, पाळी यांना चिकटलेली अशुद्धता मराठी घराला नवी नाही. सुतक किंवा सोयर असलेल्या माणसाने काही पाप केलेलं नसतं. दिवस भरले, अंघोळ झाली की फिटलं. लेवीयची अशुद्धता याच जातीची आहे. एक फरक मात्र मोठा: सुतक नात्याने लागतं, भाऊबंद दूरच्या गावी असला तरी. लेवीयमध्ये नातं मोजत नाहीत, स्पर्श आणि एका छताखाली असणं मोजतात. शिवाय कोणताही समाजगट जन्माने कायमचा अशुद्ध नाही. मुख्य याजकापासून दासापर्यंत प्रत्येक जण अशुद्ध होतो आणि बाहेर पडतो. मृताला पुरणं, मूल जन्माला घालणं ही तर कर्तव्यं. ती करूनच माणूस अशुद्ध होतो, आणि त्यात चूक काही नाही. चूक होते ती तशा स्थितीत पवित्र गोष्टीला शिवल्यावर, किंवा अर्पणाचं मांस खाल्ल्यावर.

माणसाची शुद्धी पाणी आणि वेळ यांनी होते. मेलेल्या जनावराला हात लागला: संध्याकाळपर्यंत अशुद्ध, उचलून नेलं असेल तर कपडेही धुवायचे. वीर्यपात: अंघोळ आणि संध्याकाळ. पाळी: सात दिवस. यातल्या कशालाही बळी नाही. रोगट स्राव असेल तर तो थांबल्यावर सात दिवस मोजायचे. पुरुषाने कपडे धुवून वाहत्या पाण्यात अंघोळ करायची, आणि आठव्या दिवशी दोन पक्षी. पाळीच्या दिवसांबाहेर रक्त जात राहणाऱ्या बाईलाही तेच सात दिवस आणि दोन पक्षी. मार्कच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायातली बारा वर्षं रक्तस्राव असलेली बाई याच नियमात अडकलेली: रक्त थांबत नाही तोवर सात दिवसांची मोजणीच सुरू होत नाही.

बाळंतिणीचं गणित असं: मुलगा झाला तर ७ आणि ३३ मिळून ४० दिवस, मुलगी झाली तर १४ आणि ६६ मिळून ८०. दुप्पट का, याचं कारण पुस्तक देत नाही, आणि इतरांनी दिलेली कारणं एकमेकांशी जुळत नाहीत. मुदत संपल्यावर होमासाठी एक वर्षाचं कोकरू आणि पापबली म्हणून एक पारवा किंवा होला. कोकरू परवडत नसेल तर दोन पक्षी. लूक २:२४ मध्ये मरीया आणि योसेफ पक्षीच आणतात, म्हणजे त्या घरची परिस्थिती लूकने एका ओळीत सांगून टाकली. आणि सुरुवातीचा प्रश्नही इथे सुटतो. पापबली नाव असलं तरी तो इथे कुठल्या पापासाठी नाही. दीर्घ अशुद्धतेचा जो मळ वेदीवर चढला तो काढण्यासाठी आहे.

रक्त माणसाला लागतं तेव्हा

आता अपवाद. ते मोजके आहेत, म्हणूनच नीट बघण्यासारखे.

निर्गम २४ मध्ये करार होतो. मोशे अर्धं रक्त भांड्यांत ठेवतो, अर्धं वेदीवर टाकतो, कराराचं पुस्तक वाचून दाखवतो. लोक "आम्ही हे सर्व पाळू" म्हणतात आणि मग उरलेलं रक्त तो लोकांवर शिंपडतो. एकच रक्त दोन्ही पक्षांवर. इथे शुद्धीपेक्षा बांधिलकीचा भाग मोठा.

लेवीय ८ मध्ये अहरोन आणि त्याची मुलं याजक होतात. मेंढ्याचं रक्त प्रत्येकाच्या उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला.

लेवीय १४ मध्ये त्वचारोगातून बरा झालेला माणूस परत येतो. जुन्या भाषांतरांत याला महारोग म्हटलंय, पण वर्णन आजच्या कुष्ठरोगाशी जुळत नाही. यात केस पांढरे होतात, कापडाला आणि घराच्या भिंतीलाही तो लागतो, आणि सगळं अंग पांढरं झालं तर माणूस चक्क शुद्ध ठरतो (१३:१३). याजक इथे वैद्य नाही. तो उपचार करत नाही, फक्त तपासतो, सात दिवस वेगळं ठेवतो, पुन्हा तपासतो. बरा झालेला माणूस छावणीबाहेर असतानाच विधी सुरू होतो. दोन जिवंत पक्षी, गंधसरूचं लाकूड, किरमिजी सूत आणि एजोब या झुडपाची जुडी लागते. मातीच्या भांड्यात वाहतं पाणी घेऊन एक पक्षी त्यावर कापायचा. दुसरा जिवंत पक्षी, लाकूड, सूत आणि एजोब त्या रक्तमिश्रित पाण्यात बुडवायचे, माणसावर सात वेळा शिंपडायचं आणि जिवंत पक्षी मोकळ्या रानात सोडून द्यायचा. मग माणूस कपडे धुतो, सगळे केस काढतो, अंघोळ करतो, छावणीत येतो, पण सात दिवस स्वतःच्या तंबूत शिरत नाही. सातव्या दिवशी पुन्हा सगळे केस, भुवयांसकट. आठव्या दिवशी दोन कोकरे, एक मेंढी, सपीठ आणि एक लोग तेल, म्हणजे अंदाजे पाव लिटर. दोषार्पणाच्या कोकराचं रक्त पुन्हा उजवा कान, हाताचा अंगठा, पायाचा अंगठा. त्या रक्तावर तेल. उरलेलं तेल डोक्यावर.

बऱ्या झालेल्या रोग्याला याजकाच्या दीक्षेइतकाच मान हे वाचताना कोणाच्या लक्षात येत नाही, आणि ती खरी गंमत आहे. दोघेही एक सीमा ओलांडतायत: एक सामान्य जीवनातून वेदीजवळ, दुसरा छावणीबाहेरून घरात. कान, हात आणि पाय ही शरीराची टोकं, जशी शिंगं ही वेदीची. घराच्या भिंतीला चट्टे पडून ते बरं झालं तरी हाच दोन पक्ष्यांचा विधी, रक्त आणि पाणी घरावर सात वेळा. घर पाप करत नाही, हे इथे ध्यानात ठेवायचं.

शेवटचा अपवाद सगळ्यांत कोड्यात टाकणारा: तांबडी कालवड (गणना १९). प्रेताला शिवल्याने येणारी अशुद्धता सर्वांत जड, तिच्यासाठी हा विधी. व्यंग नसलेली, जू कधी न लागलेली कालवड छावणीबाहेर कापायची, रक्त दर्शनमंडपाच्या दिशेने सात वेळा शिंपडायचं, आणि मग कातडं, मांस, रक्त, शेण सगळं जाळायचं. रक्तसुद्धा आगीत जातं असा हा एकच बळी. आगीत गंधसरू, एजोब आणि किरमिजी सूत टाकायचं. राख साठवून ठेवायची, आणि गरज पडेल तेव्हा भांड्यात थोडी राख व वाहतं पाणी घालून एजोबाने शिंपडायचं, तिसऱ्या आणि सातव्या दिवशी. तिसरा दिवस चुकला तर सातव्या दिवशी शुद्धी होत नाही (१९:१२). कोणाचा मृत्यू झालेल्या तंबूतलं झाकण न बांधलेलं प्रत्येक भांडं अशुद्ध. कालवड जाळणारा, राख गोळा करणारा, पाणी शिंपडणारा हे तिघेही मात्र त्या कामामुळे संध्याकाळपर्यंत अशुद्ध. शुद्ध करणारी वस्तू हाताळणाऱ्याला बाटवते, हे पापबलीच्या भांड्यासारखंच. मिश्नाप्रमाणे एकाच छिद्रातून दोन काळे किंवा पांढरे केस आलेले असले तरी कालवड बाद. मोशेपासून मंदिर पडेपर्यंत अशा कालवडी एका मताने सात, दुसऱ्या मताने नऊच झाल्या. राख जपून वापरायची वस्तू होती.

वल्हांडणाचं, म्हणजे मिसरमधून सुटकेच्या रात्रीच्या सणाचं, रक्त या सगळ्यांहून वेगळं. निर्गम १२ मध्ये एजोबाची जुडी तसराळ्यातल्या रक्तात बुडवून दाराच्या दोन्ही बाह्यांना आणि कपाळपट्टीला लावायची. ते "चिन्ह" आहे, असं मजकूरच म्हणतो. वल्हांडणाचं कोकरू पापबली नव्हे. ते घरच्यांनी भाजून खायचं, हाड मोडायचं नाही, सकाळपर्यंत काही उरू द्यायचं नाही. पापबली आणणाऱ्याला स्वतःच्या बळीतला घाससुद्धा मिळत नाही.

वर्षातून एकदा, अगदी आत

नकळत झालेल्या चुकांचा डाग धूपवेदीपर्यंत जातो. मुद्दाम केलेल्या पापांचा? तो सर्वांत आत, दयासनापर्यंत पोचतो आणि वर्षभर तिथे साचतो. सातव्या महिन्याच्या दहाव्या दिवशी मुख्य याजक तो काढतो. हा प्रायश्चित्ताचा दिवस, योम किप्पूर, लेवीय १६.

अंघोळ करून तो सोन्याची भरजरी वस्त्रं न घालता साधी तागाची घालतो. स्वतःसाठी गोऱ्हा, लोकांसाठी दोन बकरे. चिठ्ठ्या टाकून एक बकरा परमेश्वराचा, दुसरा अजाजेलचा, म्हणजे रानात सोडायचा. गोऱ्हा कापल्यावर आधी दोन ओंजळी कुटलेला धूप निखाऱ्यांवर घालून तो आत जातो, धुराने दयासन झाकतं. मग रक्त.

मजकूर इथे थोडक्यात आटपतो. काय बिघडू शकतं ते मिश्नाचा योमा हा भाग सांगतो. धूप आत नेईपर्यंत रक्त बाहेर थांबणार, आणि थांबलेलं रक्त गोठतं. म्हणून एक जण मंदिरात उभा राहून ते भांडं सतत हलवत राहायचा. (वल्हांडणाला अंगणात रांगेने फिरणाऱ्या रक्ताच्या भांड्यांना बूड सपाट नसायचं, म्हणजे कोणी ती खाली ठेवणारच नाही.) मुख्य याजक धूप ठेवून बाहेर यायचा, रक्त घेऊन पुन्हा आत जायचा आणि चाबूक मारल्यासारखा हात फिरवत एकदा वर, सात वेळा खाली शिंपडायचा. आकडा चुकू नये म्हणून मोठ्याने मोजायचा: एक; एक आणि एक; एक आणि दोन; असं एक आणि सातपर्यंत. मग बकऱ्याचं रक्त तसंच. मग दोन्ही अंतरपटासमोर. शेवटी दोन्ही रक्तं मिसळून वेदीच्या शिंगांना. क्रम मोडला तर केलेलं व्यर्थ. मध्येच रक्त सांडलं तर नवं जनावर आणून ते रक्त सुरुवातीपासून. पहिलं मंदिर पडल्यावर बांधलेल्या दुसऱ्या मंदिरात तर कोश उरलाच नव्हता. रिकाम्या खोलीत जमिनीपासून तीन बोटं वर आलेल्या एका दगडासमोर हे सगळं चालायचं.

रक्ताची दिशा बघा: सर्वांत आतून बाहेर. खोली साफ करतानाही शहाणा माणूस आतल्या कोपऱ्यातून दाराकडे येतो. आणि दाराशी आल्यावर सगळं गोळा करून बाहेर टाकायचं काम दुसऱ्या बकऱ्याचं. त्याच्या डोक्यावर मुख्य याजक दोन्ही हात ठेवतो, इस्राएलांची पापं कबूल करतो आणि त्याला रानात पाठवून देतो. लेवीयमध्ये हा बकरा मारला जात नाही. त्याचं रक्त कशालाच लागत नाही. तो शुद्ध करत नाही, वाहून नेतो. त्याला कड्यावरून ढकलायची पद्धत मिश्नात आहे, मोशेच्या नियमात नाही. त्याला सोडून येणाऱ्याने मात्र कपडे धुवून, अंघोळ करूनच छावणीत यायचं.

मंदिरातल्या होमवेदीच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात पायथ्याशी दोन भोकं होती. तिथून रक्त नाल्यात आणि नाल्यातून किद्रोन ओहोळात जायचं. ते मळेवाल्यांना खत म्हणून विकलं जायचं, आणि पैसे न देता कोणी वापरलं तर मंदिराच्या मालमत्तेचा गैरवापर धरला जायचा.

इ.स. ७० मध्ये रोमी सैन्याने मंदिर पाडलं आणि ज्यू बळी थांबले. दिवस राहिला. रक्ताऐवजी उपास, कबुली, प्रार्थना. योमाच्या शेवटच्या अध्यायात एक अट आहे: माणसाने माणसाचा केलेला अपराध, त्या माणसाची समजूत घातल्याशिवाय, हा दिवस पुसत नाही. म्हणजे दोषार्पणाचा जुना क्रम तसाच. कोकणातले बेने इस्राएल या दिवसाला दारफाळणीचा सण म्हणत आले. घराची दारं लावून दिवसभर कडक उपास.

इब्री पत्र हे कसं वाचतं

ख्रिस्ती वाचकाला "ख्रिस्ताच्या रक्ताने शुद्ध" हे शब्द उपासनेत वरचेवर भेटतात. त्यांची सर्वांत तपशीलवार मांडणी इब्री लोकांस पत्राच्या ९ आणि १० या अध्यायांत आहे, आणि ती लेवीय १६ उघडं ठेवून लिहिलेली आहे. बैलांच्या आणि बकऱ्यांच्या रक्ताने पापं दूर होणं अशक्य, असं लेखक म्हणतो (१०:४). कालवडीची राख शरीर शुद्ध करते, ख्रिस्ताचं रक्त विवेक शुद्ध करतं (९:१३-१४). मुख्य याजक दरवर्षी जात असे, ख्रिस्त एकदाच गेला, तेही हातांनी न बांधलेल्या मंडपात.

मग येतं ९:२३. स्वर्गातल्या वस्तूंची शुद्धीही अधिक चांगल्या यज्ञांनी व्हायला हवी होती, असं ते वचन. स्वर्गाला कसला मळ? अनेकांना ही ओळ खटकते, काही भाष्यकार तिला वळसा घालतात. पण लेवीय ४ आणि १६ मधला रक्ताचा माग काढलेल्या वाचकाला ती सरळ वाटते: बळीचं रक्त निवासस्थान शुद्ध करतं, आणि माणसांचं पाप साचतं ते तिथेच. लेखक त्याच नियमाने चाललाय, फक्त मंडप बदललाय.

तो हा नियम शेवटपर्यंत सोडत नाही. ज्या जनावरांचं रक्त आत नेलं जातं त्यांची शरीरं छावणीबाहेर जाळायची, हे लेवीयचं कलम तो १३:११ मध्ये जसंच्या तसं उचलतो, आणि पुढच्याच वाक्यात येशूने वेशीबाहेर मरण सोसलं ते याच कारणाने, असं म्हणतो.